औदेलिनाबाईंनी चोरलेलं बाळ

औदेलिना रान्हेल या बाईंनी आयुष्यात येशूबाळ सोडून दुसरं काही चोरलं नाही. दुसऱ्याच्या शेतातला बटाटा वाटेवर घरंगळत आला, तर त्या तो उचलून बांधावर ठेवायच्या आणि मालकाला हाक मारून सांगायच्या. पण नवं वर्ष लागलं, की मुकुंबात्यातल्या, म्हणजे आमच्या गावातल्या, बायका एकमेकींना विचारायच्या, औदेलिनाबाई आज कुठल्या अंगाला गेल्यात? ज्या अंगाला गेल्या असतील तिकडची मंडळी कामधंदा टाकून गव्हाणीपाशी बसून राहायची.

आमच्या डोंगरात नाताळ पंचवीस तारखेला संपत नाही. संपला असता तर बरं झालं असतं, असं दर जानेवारीत कोणीतरी म्हणतंच. नाताळच्या रात्री शेवाळाच्या गव्हाणीत आडवं निजवलेलं येशूबाळ, म्हणजे त्याची मूर्ती, नव्या वर्षात उभं करावं लागतं, तेही फेब्रुवारीतल्या मेणबत्त्यांच्या सणाच्या आत. नाहीतर घराला वर्षभर बरकत नाही. घरच्या घरी उभं केलं तर दोन-चार शेजारी, एक जपमाळ आणि केकचा एकेक तुकडा, एवढ्यावर भागतं. पण त्याआधी बाळ चोरीला गेलं, तर मेलात. मग सगळं गाव मेणबत्त्या घेऊन, पोरांना मरिया आणि योसेफ बनवून दारोदार गात फिरतं. चोराच्या घरी बाळ सापडतं, वाजतगाजत मालकाकडे येतं, आणि आलेल्या प्रत्येकाला मालकानं जेवू घालायचं. दुधाबटाट्याचं सूप, कोंबडी, केक, गोड वाईन, वर बडीशेपेची दारू. चोरावर रागवायची सोय नाही. उलट पहिलं ताट चोराला.

मी नेक्तारियो. या मिरवणुकांत पुढे व्हायोलिन वाजवतो. जानेवारीत माझ्या घरी चूल पेटत नाही, कारण पेटवायची वेळच येत नाही. तेव्हा औदेलिनाबाईंबद्दल मी वाईट बोलेन अशी अपेक्षा कोणी ठेवू नये. त्यांच्या हातचलाखीवर मी निम्मं आयुष्य जेवलोय.

बाई बुटक्या, रुंद, कायम तपकिरी घोंगडीत. दोन गाई आणि एक डुकरीण पाळायच्या, धुरावर चीज टांगायच्या आणि उरलेल्या वेळात मागावर घोंगड्या विणायच्या. लग्न केलं नाही. का नाही केलं, असं मी एकदा विचारलं, तर म्हणाल्या, नवरा चोरता येत नाही, मागावा लागतो. त्या रात्रीबेरात्री भिंतीवरून उड्या मारणाऱ्या चोर नव्हत्या. दिवसाढवळ्या चीज घेऊन भेटायला यायच्या, गुडघेदुखीचं रडगाणं गायच्या, यजमानीण कॉफी ओतायला आत वळली की बाळ घोंगडीखाली. मग कॉफी पिऊन, वर थोडी साखर मागून निघायच्या. लोकांना याचं कौतुक होतं. एखाद्या वर्षी त्यांनी आपलं बाळ नेलं नाही, तर काही बायकांना ते मनाला लागायचं.

म्हाताऱ्याकोताऱ्यांनी घालून दिलेला आणखी एक नियम होता: चोराच्या घरातून बाळ पुन्हा चोरीला गेलं, तर जेवण चोरानं घालायचं. ज्याला राखता येत नाही त्यानं चोरू नये, असा त्याचा अर्थ. चोरावर मोर म्हणतात तो हाच. नियम सगळ्यांना पाठ होता, पण औदेलिनाबाईंच्या घरात शिरायची छाती कोणाची झाली नव्हती. त्यांचं कुत्रं तर होतंच, पण खरं सांगायचं तर लोक बाईंच्या नावालाच भ्यायचे.

गावात एकच माणूस त्यांच्याशी बोलत नसे, क्रिसांतो सांतियागो. त्याच्या थोरल्या मुलीच्या बाप्तिस्म्याला बाईंनी धर्ममाता म्हणून तिला हातात धरलं होतं, म्हणजे ते दोघं एकमेकांचे कोंपाद्रे-कोमाद्रे. हे नातं आमच्याकडे सख्ख्यापेक्षा मोठं. बाईंनी एका वर्षी त्याचं बाळ चोरलं, सगळं गाव त्याच्याकडे जेवलं, आणि तेव्हापासून हा वाटेत दिसला की पलीकडच्या कडेनं जायचा. आपल्या येशूबाळाच्या पायाला त्यानं गाईची साखळी लावून कुलूप घातलं होतं. पाद्रीबाबांनी त्यावरून एकदा टोकलं, तर म्हणाला, बाळ पळणार नाही याची मला खात्री आहे, साखळी कोमाद्रेसाठी आहे. लोक म्हणायचे, किती मनाला लावून घ्यायचं माणसानं. मीही म्हणायचो. त्याच सुमाराला त्याचा एक बैल दरीत पडला होता, म्हणून त्याचं डोकं फिरलंय, असं आम्ही धरून चाललो होतो.

आता त्या वर्षाची गोष्ट. त्या वर्षी पैशाला काही अर्थ उरला नव्हता. पिठाचा भाव विचारून घरी पिशवी आणायला गेलेला माणूस परत येईपर्यंत दुकानदारानं पाटी पुसलेली असायची. नाताळच्या हायाका मक्याच्या पिठात सारण भरून, केळीच्या पानात बांधून उकडतात. त्या वर्षी पानं मोठी होती आणि आत सारण नावाला. आमच्या वहिनीनं एक ऑलिव्ह आणलं आणि ते कोणाच्या हायाकात निघतं यावर पोरांनी पैज लावली. तरीही प्रत्येक घराच्या भिंतींना चुना लागला, दारं रंगली, गव्हाणी सजल्या. ऋण काढून सण करायला आमच्या गावाला शिकवावं लागत नाही.

वरच्या आळीला योलेइदा पार्रा राहायची. तिशीची बाई, दोन लहान मुली. नवरा विल्मेर ऑगस्टात सरहद्द ओलांडून कुकुताला कामाला गेला. त्याचे फोन यायचे. फोनशिवाय दुसरं काही आलेलं ऐकिवात नव्हतं. योलेइदानं मात्र गव्हाणी अशी मांडली होती, की लोक बघायला चढून जायचे. आरशाच्या तुकड्याचं तळं, त्यावर कापसाची बदकं. सहा जानेवारीचा तीन राजांचा सण झाल्यावर औदेलिनाबाई चीज घेऊन तिच्याकडे गेल्या, गुडघा दुखतो म्हणाल्या, ती वाळत घातलेले कपडे काढायला मागे गेली, आणि झालं. दुसऱ्या दिवशी योलेइदा रीतीप्रमाणे स्वतः बाईंच्या दारात आली, हसत हसत म्हणाली, "माझं बाळ कुठं रडताना ऐकलंत का हो?" रविवार ठरला. मला व्हायोलिनचं निमंत्रण आलं. ती फार हसत होती, एवढं मला आठवतं.

त्या आठवड्यात तिनं मला आणखी एका कामाला बोलावलं. बटाट्याची पोती घरातून खाली रस्त्याच्या कडेच्या छपरात न्यायची होती. शनिवारी ट्रकवाला येणार होता. पहिलं पोतं पाठीवर घेतलं आणि मला काहीतरी चुकल्यासारखं वाटलं. बटाटे बारीक होते, आणि पोत्याच्या विणीतून कोंब टोचत होते. डोंगरातल्या माणसाला हे पोतं उघडून बघावं लागत नाही. ते बियाणं होतं, फेब्रुवारीत लावायचं. मी म्हटलं, अगं, हे विकून लावणार काय? योलेइदा म्हणाली, लावण्याचं तेव्हा बघू, रविवारी गाव जेवायला येतंय. मग मला म्हणाली की नेक्तारियोभाऊ, हे कुठे बोललात तर तुमचं व्हायोलिन मी चुलीत घालीन. आमच्याकडे धमकीसुद्धा अहो-जाहो करून देतात.

मी ते ऐकलं आणि सरळ औदेलिनाबाईंकडे गेलो. त्या माग चालवत होत्या. मी सगळं सांगितलं. त्यांचा हात थांबला नाही. मग म्हणाल्या, "तुम्हाला कोणी सांगितलं?"

"माझ्या पाठीनं. मीच वाहिली पोती."

बाईंनी माग थांबवला. मग उठून आतल्या खोलीतून ते बाळ आणलं. हातभर लांबीचं, डावा अंगठा तुटलेलं. त्याच्याकडे बघत म्हणाल्या की मला वाटलं विल्मेर पाठवतो. मी म्हटलं, सगळ्यांना तसंच वाटतं, कारण ती तसंच दाखवते.

संध्याकाळी बाई घोंगडीखाली बाळ घेऊन वर गेल्या. इतक्या वर्षांत चोरलेली वस्तू परत करायला त्या पहिल्यांदाच निघाल्या होत्या, आणि त्यांना ते जमलं नाही. योलेइदानं दारातच अडवलं. म्हणाली, रविवारी वाजतगाजत आणा, तसं घेईन. गुपचूप परत आलेलं बाळ घेतलं, तर उद्या माझ्या पोरी पाणवठ्यावर गेल्यावर लोक म्हणतील, यांच्यावर चोरानं दया केली. बाईंनी चीजचे दोन गोळे पुढे केले, तेही तिनं घेतले नाहीत. बाई बाळ घेऊन खाली आल्या. उतारावर त्यांचा गुडघा खरोखरच दुखायला लागला होता.

मग उरला एकच मार्ग: बाळ त्यांच्याच घरातून चोरीला जाणं. त्यांनी दार सताड उघडं टाकलं, बाळ खिडकीत ठेवलं आणि दिवसभर नदीवर जाऊन बसल्या. कोणी चोरलं नाही. परत आल्या तर दार नीट लावून घेतलेलं, वर कडी घातलेली. शेजारणीनं हाक मारून सांगितलं, अहो, दार उघडंच राहिलं होतं तुमचं, वय झालं आता. दुसऱ्या दिवशी त्यांनी बाळ बाहेरच्या ओट्यावर ठेवलं. येणारे-जाणारे थांबायचे, हसायचे, म्हणायचे की हा बाईंचा काहीतरी नवा डाव आहे, हात लावू नका. एका म्हाताऱ्यानं ऊन लागेल म्हणून बाळावर टोपी ठेवली.

गुरुवारी दुपारी बाई माझ्याकडे आल्या आणि म्हणाल्या, चला माझ्याबरोबर, मला क्रिसांतोकडे जायचंय. एकटीनं जाण्यासारखं ते घर राहिलं नाही. मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. वाटेत त्यांनी दोनदा मागे वळण्याचा विचार केला असावा, कारण दोनदा थांबून त्यांनी चपलेतला खडा काढला, आणि त्या चपलेला खडा शिरायला जागाच नव्हती.

क्रिसांतो अंगणात लाकडं फोडत होता. आम्हाला बघून कुऱ्हाड खाली ठेवली नाही.

"कोंपाद्रे, एक काम होतं."

"तुमचं काम निघालं की माझं वाटोळं होतं, कोमाद्रे. बोला."

"माझ्या घरात एक बाळ आहे. ते तुम्ही चोरायचं."

त्यानं माझ्याकडे पाहिलं, बाई आजारी आहेत का, असं विचारल्यासारखं. मग बाईंनी सगळं सांगितलं, बटाट्यांसकट. त्यानं मध्ये एक लाकूड फोडलं. सांगून झाल्यावर म्हणाला, "योलेइदाचे बटाटे दिसले म्हणायचे. माझा बैल नव्हता दिसला."

"तुमचा बैल दरीत पडला होता."

"दरीत पडला असता तर कातडं तरी हाती आलं असतं. त्या वर्षी माझ्या बटाट्याला कीड लागली होती. तुम्ही बाळ नेलंत, आणि सगळं गाव जेवायला आलं. कुठून घालायचं? विकला. सगळी सोंगं आणता येतात, कोमाद्रे, पैशाचं सोंग आणता येत नाही. मी एक दिवस आणलं होतं." त्यानं कुऱ्हाड ओंडक्यात रोवली. "तुम्ही सूप दोनदा घेतलंत. चांगलं झालंय म्हणालात. मीच वाढलं."

मीही त्या दिवशी जेवलो होतो. तीनदा घेतलं होतं. मी ते तिथं बोललो नाही. एकट्या बैलानं नांगरट होत नाही, त्यामुळे पुढची कित्येक वर्षं हा माणूस दुसऱ्याचा बैल मागून, बदल्यात दोन-दोन दिवस राबून आपलं शेत करत होता, आणि आम्ही सगळे म्हणत होतो की किती मनाला लावून घ्यायचं.

बाई बाजूच्या ओंडक्यावर बसल्या. बाईंना डोळे पुसताना मी कधी पाहिलं नव्हतं, तेव्हाही पाहिलं नाही. त्यांनी ते वाहू दिले.

"मला सांगायचं होतंत," त्या म्हणाल्या.

"काय सांगायचं? चोरा, दुसरं घर बघ, मला परवडत नाही? तुम्हाला कोणी सांगितलंय का आजवर?"

"नाही."

"मग?"

"मला लाज वाटते, कोंपाद्रे."

"वाटू दे," क्रिसांतो म्हणाला. थोड्या वेळानं त्यानं घरातून कॉफी आणली. बाईंना दिली, मला दिली, स्वतः घेतली नाही. कप परत घेताना म्हणाला, "उद्या दुपारी कुत्रं बांधून ठेवा."

शुक्रवारी भरदुपारी, शाळा सुटायच्या वेळेला, क्रिसांतो सांतियागो औदेलिनाबाईंच्या घरात गेला आणि बाळ काखेत मारून गावच्या मधल्या रस्त्यानं, सगळ्यांना रामराम करावा तसं टोपी काढत काढत घरी गेला. लपवायची त्याला काही गरज वाटली नाही. अंधार पडायच्या आत ही बातमी तिन्ही आळ्यांत होती. औदेलिना लुटली गेली. लोक मुद्दाम वाट वाकडी करून त्यांच्या घरावरून गेले. बायकांनी विचारलं, गुडघा कसा आहे? पोरांनी भिंतीआडून कुत्र्यासारखं भुंकून दाखवलं. ज्या माणसाला आपल्या बाळाला साखळी लावावी लागते त्यानं आयुष्यभराच्या चोराला लुटलं, यासारखी गंमत गावाला फार दिवसांत मिळाली नव्हती. बाई ओट्यावर बसून सगळ्यांना उत्तर देत होत्या: वय झालं.

शनिवारी ट्रक आला तेव्हा मी योलेइदाची पोती पुन्हा पाठीवर घेऊन वर चढवली. चढावर ती जास्त जड लागली, पण मी कुरकुरलो नाही. कुरकुरलो असेन तर मनात. बटाट्यांच्या जागी ट्रकवाल्याला औदेलिनाबाईंनी एक पांढरी घोंगडी विकली. ती त्यांनी स्वतःच्या दफनाला म्हणून विणून ठेवली होती, लोकर निवडून निवडून. दोन हिवाळे लागले होते. ट्रकवाल्यानं पीठ, साखर, अंडी आणि वाईनच्या बाटल्या मोजून दिल्या आणि घोंगडी इंजिनावर पसरली, थंडीत सुरू व्हायला कटकट करतं म्हणून. बाई ते बघत उभ्या राहिल्या. "आता मरणं जरा लांबवलं पाहिजे," एवढंच म्हणाल्या. डुकरीण त्यांनी घरीच कापली.

रविवारी मिरवणूक निघाली. आधी औदेलिनाबाईंच्या दारात थांबली, कारण रीत तशी. आम्ही गायलो, बाळ इथं आहे का हो? बाईंनी दार उघडून सांगितलं, होतं, ठेवता आलं नाही. इतके हसले लोक, की मला पुढची ओळ दोनदा वाजवावी लागली. क्रिसांतोकडे बाळ सापडलं, साखळीत, कुलूप लावून, त्याच्या स्वतःच्या बाळाशेजारी. रीतीप्रमाणे बाळ रुमालात घेतलं; त्याचं एक टोक क्रिसांतोनं धरलं, एक योलेइदाच्या थोरलीनं. योलेइदाच्या गव्हाणीत बाळ उभं राहिलं, आणि जेवण बाईंच्या घरून, खांद्यावर पातेली घेऊन आलं. नियम म्हणजे नियम. योलेइदानं कोणाचे उपकार घेतले नाहीत, तिला ते चोराकडून येणं होतं.

बाई स्वतः वाढत होत्या. योलेइदा ताट घेऊन पुढे आली, आणि हळूच म्हणाली, "कुत्रं तुम्ही या जन्मात बांधलं नव्हतंत."

"वय झालं," बाई म्हणाल्या आणि तिच्या ताटात आणखी एक पळी सूप ओतलं.

योलेइदानं ताट खाली ठेवलं, ओली पळी मध्ये असतानाच बाईंना मिठी मारली, आणि पुन्हा ताट उचलून जागेवर जाऊन बसली. फेब्रुवारीत तिनं बटाटा लावला. विल्मेर कुकुताहून अजून फोन करतो.

पुढच्या जानेवारीत बाईंनी काही चोरलं नाही. गावाला चैन पडेना. बायका मुद्दाम गव्हाणी सोडून कॉफी ओतायला जायच्या, परत यायच्या, तर बाई जागेवर आणि बाळही जागेवर. कोणी विचारलं तर गुडघा पुढे करायच्या. माझी चूल त्या महिन्यात पेटवावी लागली, आणि मी ते चारचौघांत बोलूनही दाखवलं.

मेणबत्त्यांचा सण तोंडावर आला असताना बाई आणि मी चीज घेऊन क्रिसांतोच्या घरावरून चाललो होतो. दार उघडं. गव्हाणी दारातून दिसेल अशी ओढून पुढे आणलेली. बाळाच्या पायाला साखळी नव्हती. क्रिसांतो उंबऱ्याशी बसून दोरी वळत होता. बाई चालत राहिल्या.

"कोमाद्रे," तो मागून म्हणाला, "डोळे पण गेले का तुमचे?"

बाई थांबल्या. वळल्या. गव्हाणीकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. आत गेल्या नाहीत.

"आधी गोठा दाखवा," त्या म्हणाल्या.

तो उठला. आम्ही मागे गेलो. गोठ्यात दोन बैल उभे होते, एक जुना, एक तरणा, अजून जुवाखाली नीट न रुळलेला. त्यानं तो वासरापासून वाढवला होता. बाईंनी तरण्याच्या मानेवर हात ठेवला, दातही बघितले. मग स्वयंपाकघरात जाऊन पिठाचा डबा उघडला, अंड्यांची टोपली हलवून पाहिली, कोंबड्या किती ते विचारलं. क्रिसांतोनं बोटांवर मोजून दाखवल्या. पुढच्या खोलीत आलो तेव्हा तो भिंतीकडे तोंड करून उभा राहिला आणि पुन्हा दोरी वळायला लागला. बाईंनी बाळ उचललं, घोंगडीखाली घेतलं, आणि निघताना थोडी साखर मागितली.